कुकरशी कोण बोलतं?

सीन अगदी साधा होता. मुलगा आदल्या रात्री भांडून घर सोडून गेलाय, सकाळ झालीये, आई एकटीच स्वयंपाकघरात, आणि सवयीने तिने कुकर दोघांचा लावलाय. तिसरी शिट्टी होते. तिसऱ्या शिट्टीला पोरगा अंथरुणातून उठायचा हे आम्ही आधीच्या एपिसोडांमध्ये चांगलं चार-पाच वेळा पेरून ठेवलेलं. आई कुकरकडे बघते आणि म्हणते, "ओरडू नको. नाहीये तो घरात." मग गॅस बंद करते. संपला सीन. दीड ओळ संवाद, पण ती दीड ओळ लिहून झाल्यावर मी रात्री अडीचला लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते, इतकी खूश होते स्वतःवर. डेलीसोपच्या लेखकाला असं महिन्यातून एकदा वगैरे होतं, बाकी दिवस नुसता रतीब.

घोडबंदर रोडच्या बंगल्यात दुसऱ्या दिवशी शूट होतं. मी सेटवर नव्हते, लेखक सेटवर नसतोच शक्यतो. नंतर असिस्टंटकडून कळलं की आईचं काम करणाऱ्या बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "कुकर काय मला उत्तर देणारे का? मग मी त्याच्याशी का बोलू? वेडी दिसेन मी." दिग्दर्शकाला संध्याकाळपर्यंत अख्खा एपिसोड संपवायचा होता. तो म्हणाला, बरोबर आहे ताई, काढून टाकू. मला कुणी फोन केला नाही. मला कळलं ते घरी जेवताना टीव्हीवर बघून. कुकर नव्हताच. आई खिडकीशी उभी, ग्लिसरीनचं पाणी, तीन क्लोजअप आणि मागे आऽऽ करणारी गायिका. सासूबाई म्हणाल्या, छान झाला गं आजचा भाग. मी आमटी भुरकत राहिले.

याला आता सातेक वर्षं झाली. मालिका संपली, बाईंचं आणि माझं पुढे छान जमलं, त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी जाऊन जेवून आले. पण ती शिट्टी डोक्यातून जात नाही.

आणि मग एकदा हॉलिवूडचा जुना लेखक-दिग्दर्शक बिली वाइल्डर याच्याबद्दल वाचताना मला तोच सीन सापडला. शप्पथ, तोच. फक्त कुकरच्या जागी झुरळ.

१९४१ चा 'होल्ड बॅक द डॉन'. लिहिणारे वाइल्डर आणि चार्ल्स ब्रॅकेट ही जोडी, दिग्दर्शक मिचेल लायसन, हिरो चार्ल्स बॉयर, त्या काळातला डोळ्यांनीच बायकांना घायाळ करणारा फ्रेंच. मूळ गोष्ट केटी फ्रिंग्ज नावाच्या लेखिकेची. युरोपातून पळालेला एक माणूस अमेरिकेच्या सीमेवर, मेक्सिकोतल्या गावात व्हिसाची वाट बघत अडकलाय. घाणेरडं हॉटेल, उकाडा, अंगावर तेच कपडे, पलंगावर पडून दिवस ढकलायचे. वाइल्डरने त्यात एक सीन लिहिला. भिंतीवरून झुरळ चढतंय. हा माणूस पडल्या पडल्या हातातल्या काठीने त्याला अडवतो आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या आवाजात दरडावतो, कुठे निघालास, व्हिसा आहे का तुझ्याकडे, पासपोर्ट कुठंय? बस्स एवढंच. दोन महिने सरकारी खिडक्यांसमोर उभा राहिलेला माणूस आतून कसा झालाय ते अर्ध्या मिनिटात कळतं, आणि हसूही येतं, आणि हसल्याची लाज पण वाटते.

शूटिंग चालू असताना एके दिवशी वाइल्डर पॅरामाउंट स्टुडिओसमोरच्या हॉटेलात जेवायला गेला तर तिथे बॉयर मजेत जेवत बसलेला. आज काय शूट करताय विचारलं तर तो म्हणाला, झुरळाचा सीन, पण आम्ही तो जरा बदललाय. का? तर झुरळ मला उत्तर देऊ शकत नाही, मग मी त्याच्याशी कशाला बोलू. लायसनने त्याचं ऐकलं होतं.

मी हे वाचलं तेव्हा ठाणे लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसले होते आणि इतक्या मोठ्याने हसले की शेजारची भाजी निवडणारी बाई दचकली. ऐंशी वर्षांपूर्वी, सात समुद्रापार, शब्द न शब्द तेच!

पण वाइल्डरला का झोंबलं हे त्याचं आधीचं आयुष्य माहीत असल्याशिवाय कळत नाही. तो स्वतः तसाच अडकलेला होता. १९०६ चा जन्म, आज पोलंडमध्ये असलेल्या आणि तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात असलेल्या सुखा नावाच्या गावचा, ज्यू. व्हिएन्नात वार्ताहर, मग बर्लिनमध्ये पत्रकारी आणि सिनेमे लिहिणं, मध्ये पैसे नव्हते तेव्हा हॉटेलात एकट्या आलेल्या बायकांबरोबर पैसे घेऊन नाचायची नोकरी पण केली आणि त्यावर पुन्हा लेखमाला लिहून तिचेही पैसे घेतले (हे मला फार आवडतं, खरा फ्रीलान्सर!). १९३३ ला राइशस्टाग, म्हणजे जर्मनीचं संसद भवन, जळलं तसं त्याने सामान आवरलं आणि पॅरिस गाठलं, १९३४ ला अमेरिका. तिथे कायमचं राहायचा व्हिसा हवा तर देशाबाहेर जाऊन पुन्हा आत यायला लागायचं, म्हणून हा मेक्सिकाली नावाच्या सीमेवरच्या गावात जाऊन बसला. कागदपत्रं धड नव्हती. जर्मनीतून मागवणं म्हणजे आत्महत्याच. तिथल्या अमेरिकन वकिलातीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही काम काय करता? हा म्हणाला, सिनेमे लिहितो. तो माणूस उठला, थोड्या येरझाऱ्या घातल्या, मग पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाला, मग चांगले लिहा. १९८८ साली ऑस्करच्या मंचावर थालबर्ग पुरस्कार घेताना म्हाताऱ्या वाइल्डरने ही गोष्ट सांगितली आणि ज्याचं नाव विसरला होता त्या माणसाचे आभार मानले. वर म्हणाला, तेव्हापासून प्रयत्न करतोय.

म्हणजे ते झुरळ त्याने कल्पनेतून आणलेलं नव्हतं, असं माझं मत. ते त्याने बघितलेलं असणार. असा माणूस, ज्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही आणि ज्याचं कुणी ऐकत नाही, तो भिंतीशी बोलतो, झुरळाशी बोलतो. उत्तर मिळणार नाही म्हणूनच बोलतो ना.

मिरजेला माझी आजी स्टोव्हशी बोलायची. पितळेचा पंपाचा स्टोव्ह, पिन मारली की भसकन पेटायचा आणि मग निळा व्हायला वेळ घ्यायचा. "पेट की मेल्या, तुझ्यापुढं हात जोडू का आता?" असं रोज सकाळी साडेपाचला. विळीशी बोलायची, दुधावर आलेल्या मुंग्यांना "आलात का मेल्यांनो, तुम्हाला कुणी निरोप दिला?" म्हणायची. आजोबा तिच्याशी जवळपास बोलायचेच नाहीत. म्हणजे भांडण वगैरे नाही, तशी पद्धतच होती त्या पिढीत, जेवायला वाढलंय का आणि माझा चष्मा कुठंय एवढंच. गॅस आला तेव्हा आजी आठवडाभर गप्प गप्प होती. आम्हाला वाटलं, तिला गॅसची भीती वाटते. आता वाटतं की गॅसला पंप मारायला लागत नाही, तो एका फटक्यात पेटतो, मग त्याला बोलणार काय? कुकरचा सीन लिहिला तेव्हा आजी डोळ्यासमोर होती असं म्हणायला छान वाटेल, पण खरं सांगायचं तर नव्हती. नंतर सापडली.

तर वाइल्डर. जेवण टाकून तो ब्रॅकेटकडे धावत आला. सिनेमाचा शेवटचा भाग अजून लिहून व्हायचा होता. तो म्हणाला, जो झुरळाशी बोलत नाही त्याला आपण कुणाशीच बोलू द्यायचं नाही. आणि मग या दोघांनी उरलेल्या पटकथेत बॉयरला आटवत नेलं आणि चांगलं चांगलं सगळं हिरोईनच्या, ऑलिव्हिया द हॅविलंडच्या ताटात वाढलं. लेखकाचा सूड हा असा असतो, पडद्यावर बघणाऱ्याला पत्ता पण लागत नाही. (मी पण केलं होतं थोडंसं. बाईंना पुढचे दोन आठवडे मी फक्त "अगं पण..." आणि "असं कसं..." एवढंच बोलायला दिलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. चॅनलच्या आलं.) त्या सिनेमाला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, त्यात पटकथेचं पण होतं, म्हणजे झुरळावाचून कुणाचं काही अडलं नाही. हे जास्त लागतं खरं तर. सीन गेला तरी मालिकेचा टीआरपी तेवढाच राहतो.

पण वाइल्डरने तिथेच ठरवलं की आता आपलं आपण दिग्दर्शन करायचं. वर्ष-दोन वर्षं आधी प्रेस्टन स्टर्जेस नावाच्या लेखकाने तिथेच, पॅरामाउंटमध्ये, स्वतः दिग्दर्शन करू द्याल या अटीवर आपली पटकथा १० डॉलरला विकली होती, त्यामुळे दार किलकिलं झालं होतं. कंपनीला वाटत होतं की हा काहीतरी युरोपियन, कलात्मक बनवेल, आपटेल, आणि परत गुपचूप टाइपरायटरवर येऊन बसेल. याने काय केलं तर १९४२ ला जिंजर रॉजर्सला घेऊन 'द मेजर अँड द मायनर' हा सगळ्यात गल्लाभरू विषय केला. रेल्वेच्या तिकिटाला पैसे कमी पडतात म्हणून एक बाई बारा वर्षांची मुलगी बनून हाफ तिकिटात प्रवास करते. चालला. परत टाइपरायटरवर एकट्या लेखकाच्या खुर्चीत बसायची वेळ आली नाही.

इथपर्यंत मला ही गोष्ट तोंडपाठ होती आणि मी ती प्रत्येक नवीन लेखकाला कँटीनच्या चहावर सांगायचे. अन्याय, सूड, विजय. आमच्यासारख्यांना अशा गोष्टी लागतात.

पुढची गोष्ट मी सांगत नव्हते.

१९४३ मध्ये 'डबल इन्डेम्निटी' या सिनेमाची पटकथा लिहायची होती. ब्रॅकेटला तो विषय हलकट वाटला, तो नाही म्हणाला. मग जोडीला आणला रेमंड चँडलर, रहस्यकथांचा बादशहा, वय पंचावन्न, सिनेमा कधी लिहिलेला नाही, मोठ्या कष्टाने दारू सोडलेला, कातडं पातळ झालेला माणूस. एका खोलीत दोघं. वाइल्डरला एका जागी बसवत नसे, तो हातात वेताची काठी घेऊन फेऱ्या मारत बोलायचा, हवेत काठी फिरवायचा, मध्येच पोरींचे फोन घ्यायचा. काही आठवड्यांनी चँडलर यायचाच बंद झाला आणि स्टुडिओकडे तक्रारींची यादी दिली. मिस्टर वाइल्डर यांनी मिस्टर चँडलर यांच्या नाकासमोर काठी नाचवू नये. 'रे, ती खिडकी उघड जरा' असल्या ऑर्डरी देऊ नयेत.

काठी. मी तिथेच थांबले. झुरळाला अडवणारी ती काठी, जी बॉयरच्या हातात द्यायची होती, ती आता वाइल्डरच्या हातात होती आणि समोर, भिंतीवर, दुसरा लेखक.

सिनेमा मात्र असा झाला की आजही बघताना पाठीच्या कण्यातून काहीतरी सरकतं. दोघांपैकी एकट्याला तो जमला नसता. आणि गंमत म्हणजे सिनेमात एका ठिकाणी हिरो ऑफिसच्या खोलीतून बाहेर पडतो तेव्हा दाराशी खुर्चीवर एक चष्मेवाला माणूस पुस्तक वाचत बसलाय, तो मान वर करून बघतो, तो चँडलर आहे. साठ-पासष्ट वर्षं हे जगाच्या फारसं लक्षातच आलं नव्हतं. मी तो तुकडा मोबाइलवर थांबवून थांबवून बघितला. लेखक असा बसलेला असतो, दाराबाहेर, खुर्चीत. चँडलर त्या काळात पुन्हा पिऊ लागला, आणि वाइल्डरने लगेच पुढचा सिनेमा केला तो दारुड्या लेखकावर, 'द लॉस्ट वीकेंड'. चँडलरला समजून घ्यायला हा सिनेमा केला असं वाइल्डर नंतर सांगायचा. १९४५ चा. चार ऑस्कर मिळाले, त्यातली दोन त्याची. समजून घ्यायला आणि मिळवायला एकच गोष्ट पुरते, हे लेखकांचं अवघड आहे.

आणि ब्रॅकेट? तो वाइल्डरपेक्षा चौदा वर्षांनी मोठा, न्यूयॉर्कच्या बाजूचा खानदानी, वकिली शिकलेला, शांत, कोचावर आडवा पडून पिवळ्या कागदांच्या पॅडवर लिहिणारा. राजकारणात दोघं दोन टोकांना. तेरा सिनेमे त्यांनी एकत्र केले, भांडणात एकमेकांना वस्तू फेकून मारल्या. शेवटचा १९५० चा 'सनसेट बुलेव्हार्ड'. त्यात सुरुवातीलाच स्विमिंग पूलमध्ये एक मेलेला पटकथालेखक तरंगतोय आणि तोच आपल्याला गोष्ट सांगतोय. आधी ही सुरुवात शवागारात होती, चादरीखालचे मुडदे एकमेकांशी गप्पा मारतात अशी, पण ट्रायलला लोक खो खो हसले म्हणून काढावी लागली. (बघा, त्याचे पण मुडदे बोलायचे होते.) हाच मेलेला लेखक एका ठिकाणी म्हणतो की प्रेक्षकांना माहीतच नसतं की कुणीतरी बसून सिनेमा लिहितं, त्यांना वाटतं नट बोलतात ते त्यांच्याच मनचं असतं. आमच्या सासूबाईंना अजून तसंच वाटतं, आणि त्या माझ्याबरोबर राहतात. तर या सिनेमासाठी दोघांना पटकथेचं ऑस्कर मिळालं, पण ते मिळेपर्यंत वाइल्डरने जोडी मोडलेली होती. आगपेटी आणि काडी घासून घासून गुळगुळीत झाली, आता ठिणगी पडत नाही, असं काहीसं तो कारण द्यायचा. ब्रॅकेटला ते मनापासून कधी पटलं नाही म्हणतात. कसं पटेल? आपण आगपेटी आहोत की काडी, हे समोरचा ठरवणार.

मला वाइल्डरचा राग येतो का? येतो. आणि मग मी त्याचा 'द अपार्टमेंट' लावते आणि राग जातो.

त्यातला आरसा. ज्यांनी बघितलाय त्यांना आरसा म्हटलं की पुरे. जॅक लेमन हा विमा कंपनीतला कारकून, आपल्या फ्लॅटची किल्ली साहेब लोकांना त्यांच्या भानगडींसाठी देतो आणि बदल्यात बढत्या घेतो. एकदा मोठ्या साहेबांबरोबर आलेली बाई पावडरची डबी फ्लॅटवर विसरते, आतला आरसा तडकलेला. हा ती साहेबांना परत देतो. मग ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत, नवीन गोल टोपी घालून, ती कशी दिसते हे लिफ्टवालीला, शर्ली मॅक्लेनला, जिच्यावर याचं प्रेम आहे, तिला विचारतो. ती म्हणते बघ ना आरशात आणि पर्समधून डबी काढून देते. हा उघडतो. तडा. त्याच्या चेहऱ्याचे दोन तुकडे. आणि तो काय बोलतो तर, आरसा फुटलाय. ती म्हणते, माहितीये, मला असाच आवडतो, मला आतून जसं वाटतं तशीच दिसते मी त्यात. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, ओरडलं नाही, तीन क्लोजअप नाहीत, आऽऽ करणारी गायिका नाही. सगळं त्या बोटभर आरशाने केलं.

हेच ते. झुरळ, कुकर, आरसा. वस्तूला बोलायला लावायचं म्हणजे माणसाला रडावं लागत नाही. वीस वर्षांनी त्याने स्वतःचं झुरळ परत आणलं आणि या वेळी ते काढून टाकणारं कुणी नव्हतं. १९६० चा सिनेमा. पुढच्या वर्षीच्या ऑस्करला एका रात्रीत त्याने तीन पुतळे नेले, निर्माता, दिग्दर्शक, लेखक. लेखनाचा देताना नाटककार मॉस हार्ट कानात म्हणाला, बिली, थांबायची वेळ हीच.

तोपर्यंत जोडीला आय. ए. एल. डायमंड आला होता. रोमानियातून लहानपणी आलेला, बारीक, चष्मेवाला, अबोल. वाइल्डर दहा आयडिया फेकायचा, डायमंड मान हलवायचा, आणि अगदी फारच आवडलं तर म्हणायचा, "का नाही?" त्याच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी हीच. आपल्याकडे 'चालेल की' म्हणतात तसं. बघा ना, दोघंही बाहेरून आलेले, इंग्रजी दोघांचीही घरची नाही, वाइल्डर तर बेसबॉलची कॉमेंट्री आणि रेडिओवरच्या मालिका ऐकून ती शिकला, (मालिका! कुणीतरी आमच्या धंद्याबद्दल चांगलं बोला.) आणि शेवटपर्यंत त्याचे उच्चार जर्मन वळणाचे राहिले. आणि हेच दोघं नटांना एक शब्द इकडचा तिकडे करू देत नसत. मला ते आधी अरेरावी वाटायचं. आता वाटतं, भाड्याच्या घरात माणूस भिंतीला खिळा ठोकताना जसा दहा वेळा विचार करतो तसं असेल ते. ज्याची स्वतःची भाषा मागे राहिली, आई मागे राहिली, तो हातात आलेला प्रत्येक शब्द घट्ट धरतो. आई, आजी, सावत्र वडील, तिघंही हिटलरच्या ज्यूसंहारात गेले. १९४५ मध्ये हा अमेरिकन सैन्याच्या गणवेशात जर्मनीला परत गेला आणि छळछावण्यांवरच्या माहितीपटाच्या संकलनाचं काम बघितलं. त्याबद्दल तो विनोद करत नसे. बाकी सगळ्यावर केले.

नट म्हणजे फक्त शब्द पोचवणारा हमाल, असं त्याला वाटत असेल तर त्याचा 'सम लाइक इट हॉट' कसा झाला असता? लेमन बाईच्या वेशात, नुकतीच एका म्हाताऱ्या कोट्यधीशाशी सोयरीक जुळवून आलाय आणि ती बातमी दुसऱ्या हिरोला, टोनी कर्टिसला सांगतोय. वाइल्डरने शूटच्या दिवशी त्याच्या हातात खुळखुळे दिले, ते बँडवाले वाजवतात तसले. एक वाक्य बोल आणि खुळखुळे वाजवत नाच, मग दुसरं वाक्य. लेमनला कळेना हे काय. थिएटरमध्ये बसल्यावर कळलं. प्रत्येक वाक्याला पब्लिक इतकं हसत होतं की खुळखुळे नसते तर पुढचं वाक्य हशात बुडालं असतं. म्हणजे लोक कुठे, किती सेकंद हसतील ते त्याने आधीच मोजून ठेवलं होतं. आणि त्याच सिनेमात मेरिलिन मन्रोला एक साधं वाक्य म्हणायचं होतं, कपाटाचे ड्रॉवर उघडत, दारूची बाटली कुठे ठेवलीये असं. चाळीसच्या वर टेक झाले म्हणतात. त्याने वाक्य ड्रॉवरमध्ये चिकटवलं. ती चुकीचा ड्रॉवर उघडायची. त्याने सगळ्या ड्रॉवरमध्ये चिकटवलं. पुढे तो म्हणायचा, वेळेवर येणारी आणि सगळं पाठ असणारी माझी एक मिनी मावशी आहे, पण तिला बघायला तिकीट कोण काढेल? म्हणजे काठी घेऊन फिरणारा माणूस पण एका ठिकाणी हात जोडत होता. आमच्या बाईंसारखंच, ज्यांनी कुकरची ओळ उडवली त्याच बाई पुढच्या आठवड्यात नुसता दाराचा कडी-कोयंडा बघून अशा थांबल्या की अख्खं युनिट गप्प. त्या क्षणाची मी एक ओळही लिहिली नव्हती.

त्या सिनेमाचं शेवटचं वाक्य जगप्रसिद्ध आहे. लेमन वैतागून विग काढतो, अरे मी पुरुष आहे म्हणून ओरडतो, आणि म्हातारा होडी चालवत शांतपणे म्हणतो की असू दे, कुणीच अगदी परफेक्ट नसतं. ते वाक्य डायमंडचं. रात्र झाली होती, शेवट सापडत नव्हता, तो म्हणाला हे टाकून ठेवू या का? वाइल्डर म्हणाला टाक, नंतर जरा बरं काहीतरी शोधू. सापडलं नाही. म्हणजे वेळ मारून नेलेलं वाक्य ते!

१९८१ चा 'बडी बडी' आपटला आणि त्यानंतर कुणी त्याला सिनेमा दिला नाही. तो २००२ पर्यंत जगला, पंचाण्णव वर्षं. म्हणजे एकवीस वर्षं. पहिली काही वर्षं तो आणि डायमंड रोज सकाळी ऑफिसला जात राहिले, जोडीने बसून लिहीत राहिले, कुणी न मागितलेलं. १९८८ च्या एप्रिलमध्ये त्याला तो थालबर्ग मिळाला आणि दहा दिवसांनी डायमंड गेला. ज्यूंना वाचवणाऱ्या शिंडलरची गोष्ट वाइल्डरला शेवटचा सिनेमा म्हणून, घरच्यांची आठवण म्हणून करायची होती. हक्क स्पीलबर्गकडे होते. त्या ऑफिसच्या भिंतीवर एक पाटी होती, लुबिचने हे कसं केलं असतं? एर्न्स्ट लुबिच हा त्याचा गुरू, तोही बर्लिनहून आलेला. मला ती खोली डोळ्यासमोर येते. दुपारची, टेबलावर कागद, एक म्हातारा काठी घेऊन फेऱ्या मारतोय, आणि नाकासमोर काठी नाचवायला पण कुणी नाही. पाटीशी बोलत असेल का तो?

लॉस एंजेलिसला वेस्टवूडच्या दफनभूमीत त्याचा दगड आहे. त्यावर लिहिलंय, मी लेखक आहे, पण काय करणार, कुणीच परफेक्ट नसतं. दिग्दर्शक हा शब्द नाही. लोक तिथे जाऊन फोटो काढतात आणि वाइल्डरच्या विनोदबुद्धीला दाद देतात. वाक्य डायमंडचं आहे हो! जन्मभर दुसऱ्याला शब्द बदलू न देणारा माणूस दुसऱ्याचं वाक्य डोक्याशी घेऊन झोपलाय.

हे सगळं आत्ता का आठवलं ते सांगायचं राहिलं. मी हल्ली नुसते संवाद लिहीत नाही, पटकथेची टीम बघते. हाताखाली तीन मुलं आहेत. त्यातली एक लातूरकडची, लाजरी, पण कान तीक्ष्ण. मागच्या आठवड्यात तिने लिहिलेल्या सीनमध्ये म्हातारी डॉक्टरला सांगते, "कुठं दुखतंय ते दावता येईना बघा, पण दुखणं घरातच हाय." एपिसोड दीड मिनिट लांब होत होता. रात्रीचे बारा वाजले होते, चॅनलचे तीन मेसेज येऊन पडलेले. मी ती ओळ सिलेक्ट केली आणि उडवली. त्या जागी लिहिलं, "डॉक्टर, छातीत दुखतंय." एपिसोड गेला, लोकांनी बघितला, कुणाचं काही अडलं नाही.

तिचा मेसेज शनिवारी आला. "मॅडम, ती ओळ का काढली? फक्त शिकायला म्हणून विचारतेय." शेवटचं वाक्य तिने किती वेळा खोडून लिहिलं असेल ते मला माहिती आहे. आज मंगळवार. निळ्या टिका तिला दिसतायत. मी तीनदा लिहायला घेतलं. 'लांबी होत होती' लिहिलं, खोडलं. 'चांगली होती पण' लिहिलं, पणपाशी अडले, खोडलं. वरती टायपिंग टायपिंग दिसत असेल तिला आणि मग काहीच येत नसेल.

सासूबाई देवळात गेल्यात, नवरा ऑफिसला. तेवढ्यात आत शिट्टी झाली, तिसरी, आणि फोन पालथा ठेवून उठता उठता मी म्हणाले, "ऐकलं रे, ओरडू नको."